टेस्ट रिपोर्टवर सही कुणाची?

गेल्या महिन्यात एका शनिवारी मी स्वयंपाकघरातल्या एका सॉकेटचं झाकण उघडून बसले होते. ओव्हन खिडकीपाशी हलवायचा, तिथवर नवी लाइन ओढायची... एवढंच काम. जर्मनीत, झिंडेलफिंगेनमधलं हे जुनं घर आम्ही नुकतंच घेतलंय.

इथे घरातल्या वायरिंगला कुणीही हात लावायचा नसतो, हे मला माहीत होतं. पण मी रोज गाड्यांच्या आठशे व्होल्टच्या बॅटऱ्यांवर काम करते, त्याचं सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. घरातले दोनशे तीस व्होल्ट म्हणजे किस झाड की पत्ती!

माझे सासरे, अण्णा, सध्या कराडहून आलेत. चाळीस वर्षं लायसन्सवाले इलेक्ट्रिक कॉन्ट्रॅक्टर होते; वायरिंग तपासून टेस्ट रिपोर्टवर सही करायची, मगच वीज जोडायची, असा त्यांचा शिरस्ता. मला वाटलं, सुनेचं कौतुक करतील. त्यांनी विचारलं, "केतकी, टेस्ट रिपोर्टवर सही कुणाची?"

मी ऐटीत सर्टिफिकेट आणून दिलं. त्यांना जर्मन येत नाही, म्हणून चष्मा लावून एकेका ओळीवर बोट ठेवत मला मराठीत सांगायला लावलं. चौथ्या ओळीला मी अडखळले... 'फक्त वाहनांपुरतं.' सहा वर्षांत तो कागद मी पूर्ण वाचलाच नव्हता.

मग ऑफिसातल्या मित्राने एक छोटा कोर्स सुचवला. त्याचंही माहितीपत्रक अण्णांनी तसंच वाचून घेतलं. तेही नोकरीतल्या ठरावीक कामांपुरतंच निघालं. घरासाठी वीज कंपनीच्या यादीत नोंद असलेला मायस्टर, म्हणजे परवानाधारक इलेक्ट्रिशियनच हवा.

मी वैतागले. "अहो अण्णा, काम येतं मला!"

"येतं ना. पण ह्या भिंतीत कुणी काय करून ठेवलंय, ते ठाऊक आहे का तुला?"

तीन आठवड्यांनी मायस्टर आले. सॉकेट उघडून त्यांनी मान हलवली. न्यूट्रल आणि अर्थिंग, दोन्ही एकाच वायरीवर. एक वायर कमी आहे हे मला दिसलं होतं... जुनी पद्धत असेल, म्हणून मी सोडून दिलं होतं.

तिथूनच मी पुढे लाइन जोडणार होते. ती वायर कधी सुटली असती, तर ओव्हनच्या पत्र्यात करंट आला असता. आणि आमची सात वर्षांची ईरा ओल्या हातांनी तिथेच घुटमळत असते.

मायस्टरांनी मेन बोर्डापासून नवी लाइन ओढली, मोजमापं घेतली, रिपोर्टवर सही केली. अण्णांनी तो कागद माझ्याकडे सरकवला. "वाच."

या वेळी मी एकही ओळ गाळली नाही.