ओव्याची धुरी आणि मंगलाष्टकं

वाटूरच्या आसपास कुणाच्या घरी लग्न निघालं की पत्रिकेच्या आधी मला फोन येतो. "ताई, ती तारीख मोकळी ठेवा बरं." मंगलाष्टकं म्हणणारी बाई म्हणून माझं नाव आहे. मी छापील कडवी म्हणत नाही. नवरीचं आजोळ, तिच्या खोड्या, तिच्या माणसांची नावं, सगळं विचारून घेते आणि चालीत बसवते. देवानं गळा दिलाय, मग लाजायचं कशाला?

मागच्या वर्षी माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. ही पोरगी पाचवीपासून माझ्याकडे राहून शिकली. लग्नाच्या खरेदीसाठीही माझ्याकडेच मुक्कामाला होती. तिच्यासाठी मी पाच कडवी रचली आणि महिनाभर भाकरी थापता थापता हळू आवाजात घोळवली. आजवर कितीतरी लग्नांत म्हटलं, पण हे लग्न माझ्या घरचं होतं. इथं आवाज लागला नाही तर बाकीच्या लग्नांचं काय लोणचं घालायचं?

आणि लग्नाला पंधरा दिवस असताना मला सर्दीनं धरलं. घरात सगळ्यांची होऊन गेली होती, मला बरी सोडेल! तीन दिवस ताप, अंगाचा नुसता ठेचा. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि मी जाहीर करून टाकलं, "गेली सर्दी." राहिला होता तो खोकला, कोरडा आणि खरखरीत.

आमच्यात खोकल्याला एकच इलाज, ओव्याची धुरी. निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची टरफलं टाकायची, डोक्यावरून गोधडी घ्यायची आणि धूर छातीभर ओढायचा. सासूबाईंनी मला दिली, मी अर्ध्या गल्लीतल्या बाळंतिणींना दिली. आता स्वतःला सकाळ-संध्याकाळ द्यायला लागले. डोळ्यांतून धारा लागायच्या, खोकून खोकून जीव जायचा. मला वाटायचं, कफ सुटतोय.

नवरा म्हणाला, "अगं, तू घसा शेकून राह्यली का हुरडा भाजून राह्यली?"

"तुम्हाला इचारलं का?" मी म्हटलं. चांगलं म्हटलं, कारण त्यानंतर बरेच दिवस मला त्यांना काही म्हणता आलं नाही.

धुरीच्या चौथ्या दिवशी आवाज गेला. तोंड उघडलं की नुसती हवा. परतूरला डॉक्टरीणबाईंकडे गेले. वयानं माझ्या लेकीएवढी असेल. तिनं घशात बॅटरी मारली, छाती तपासली आणि विचारलं, "काकू, कशाचा धूर घेतला?"

"धूर न्हाई ओ, औषध हाय ते," मी कशीबशी फुसफुसले.

ती हसली. मग म्हणाली, "सारवलेल्या घरात राह्यल्यात ना तुम्ही? आपल्या श्वासाच्या नळ्यांना आतून तसंच ओलसर अस्तर असतं. त्याच्यावर डोळ्याला दिसणार न्हाईत इतके बारीक केस. ते सारखे हलत राहतात आणि धूळ, जंतू वर लोटून बाहेर काढतात. सर्दीच्या विषाणूनं तुमचं अस्तर जागोजागी सोललंय. सारवणाचे पोपडे निघतात ना, तसं. ताप गेला म्हणजे सारवण झालं असं न्हाई. ते केस पुन्हा यायला काही आठवडे लागतात. आणि तुम्ही त्या उघड्या जागेवर रोज दोनदा धूर सोडून राह्यल्या! आता एखादा दुसरा जंतू आला तर त्याला अडवणार कोण? न्यूमोनिया करून घेताल."

मी बोटांनी दाखवलं, लग्न आठवड्यावर आलंय.

"मंग आठवडाभर तोंड बंद. कुजबुजायचं पण न्हाई. साध्या पाण्याची वाफ घ्या, धूर बिलकुल न्हाई. आणि गाण्याचं म्हणाल तर, काकू, या वेळी राहू द्या."

बसस्टँडवर येऊन मी रडले. रडायलाही आवाज नव्हता. स्वतःच्या हातानं केलं होतं, बोल कुणाला लावणार?

घरात मात्र सगळ्यांची चंगळ. नवरा येईल-जाईल त्याला सांगायचा, "तीस वर्षांत एवढी शांतता पहिल्यांदाच." मी लाटणं दाखवायची.

लग्नाच्या दिवशी बोलण्यापुरता आवाज परत आला होता. मला वाटलं, निभेल. हट्ट दुसरं काय! अंतरपाट धरला, मी माईक घेतला. पहिली ओळ बरी गेली. दुसरीला खोकल्याची उबळ आली आणि चारी भोंग्यांतून सगळ्या गावानं माझा खोकला ऐकला. गुरुजी पुढं होऊन म्हणाले, "द्या इकडं, मी म्हणतो."

तेवढ्यात दुसरी ओळ सुरू झाली. अंतरपाटाशी उभी राहून, मुंडावळ्या बांधलेली नवरीच ती म्हणत होती! माझा हळू आवाज भिंतीपलीकडे जात नाही असा माझा समज होता. पोरीनं महिनाभरात सगळं पाठ केलं होतं. एक म्हातारबाबा पुटपुटले, "आता नवऱ्याच स्वतःची लग्नं लावायल्या." मी त्यांच्याकडे डोळे वटारले आणि माईक तिच्या तोंडाशी धरला.

खरं सांगते, आधी जळले मी. माझी कडवी, माझी जागा. मग ती पाचव्या कडव्यापर्यंत आली. त्यात मी तिच्या आईचं आणि बापाचं नाव घातलं होतं. म्हणणारीनं स्वतःचं नाव घालायचं नसतं, म्हणून माझं नव्हतं. तिनं आईचं नाव घेतलं, बापाचं घेतलं आणि तिसरं माझं घेतलं. ओळ लांबली, चाल पार मोडली. मी माईक धरून ढसाढसा रडत होते, आणि अक्षता माझ्या मुठीतच राहिल्या.