कानावरचा धूर

आख्ख्या तालमीत मातीची वळख माझ्याएवढी कुणालाच न्हाय. रोज पाठ टेकायचीच की तिच्यात! तरीबी औंदा तालमीच्या फ्लेक्सवर जुन्या पैलवानांत माझा फोटू लागणार व्हता, म्हणून राजारामपुरीतल्या फोटूवाल्याकडं गेलतो.

आमच्या गल्लीचं सगळं फोटू ह्योच करतो. पण गडी गिऱ्हाइकाकडं बघत न्हाय, कॉम्प्युटरकडं बघतो आन् फोटूशीच बोलतो. "पैलवान, हलू नगा," म्हणत त्यानं कॉम्प्युटरात माझ्या फोटूवर त्योच फोटू पुन्यांदा ठेवला, वरचा धुरकट केला, मग खालचा दिसंल एवढा पुसट केला. सुरकुत्या गेल्या, गाल लोण्यागत झालं. मग डोळ्यांवरचा धूर खोडला आन् कानांवरचाबी. माझं मोडकं कान लख्ख दिसाय लागलं.

म्या म्हटलं, "कान झाका की. ते मार खाऊन मोडल्यात."

"मार खायाला तरी मातीत उतरावं लागतंय. कानाला हात लावायचा न्हाय."

माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं. म्हटलं, "म्हंजे मी अजून पैलवान दिसतोय न्हवं?"

तवा त्यो पयल्यांदा माझ्याकडं वळला.

"पावणं, पैलवानाचं कान तेवढं उरल्यात. बाकीचं उगंच धुरकट केलं व्हय?"