लिंबावरची गुळवेल

माझ्या धाकट्या बहिणीच्या पोटात मायची किडनी होती. ती टिकावी म्हणून गोळ्या होत्या. मातीतल्या एका जंतूपासून हे औषध निघतं, डॉक्टर म्हणाले होते. शरीर परक्या किडनीवर तुटून पडतं. या गोळ्या शरीराची ती ताकद दाबून ठेवतात.

मायला हे काही पटलं नाही. ताकद दाबणारी दवा कुठं असते का? त्यात बहिणीला सदा सर्दी, सदा कणकण. फुकटचा सल्ला द्यायला आमच्या जवळा बाजार गावात माणसांना तोटा नाही. कुणीतरी सांगितलं, लिंबावर चढलेली गुळवेल उकळून पाजा, ताकद येते. माय रोज पेला भरून पाजू लागली. मी नोकरीपायी हिंगोलीला. मला पत्ताच नाही.

बहिणीचे पाय सुजले. तपासणीत किडनी खराब होत चाललेली दिसली. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या बराबर घेता ना? काढाबिढा काही?"

माय शेजारीच बसली होती, मी मागं उभा होतो. बहीण पटकन म्हणाली, "गोळ्या चुकवल्या मी. कंटाळा आला होता."

मायनं कपाळावर हात मारून घेतला. "काहून दिली गं मी तुला? फेकायला?"

बाहेर आल्यावर मी बहिणीला फाडफाड बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि माय चहा घेत होती तेवढ्यात काढ्याचं सांगितलं.

"अगं, मग पिलीस काहून?"

"मायनं अंगातली किडनी काढून दिली, दादा. तिच्या हातचा पेला कसा परत करू? तिला कळलं तर ती जगायची न्हाई. माझी शपथ हाय तुला."

मी एकटाच आत जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं. काढ्यानं दाबलेली ताकद उठवली असेल, म्हणाले. पण उशीर झाला होता. डायलिसिस सुरू झालं, पाणीसुद्धा मोजून, त्यात काढा आपोआप सुटला. वर्षभर कसंबसं काढून बहीण गेली. माझं काळीज तुटलं ते अजून सांधलं नाही.

माय आजही आल्यागेल्याला सांगते, "म्या दिली होती वो. तिलाच राखता आली न्हाई."

बायका हळहळतात, पोरीला नावं ठेवतात. माझ्या मस्तकात तिडीक जाते, ओरडून सांगावंसं वाटतं. समोर माय असते. मी गप्प बसतो, आणि माझ्या बहिणीची बाजू घ्यायला त्या घरात कुणीच उरत नाही.