वहीच्या मधोमध घातलेला हात

माझे चुलत सासरे, म्हणजे आमचे मोठे मामाजी, यांनी आमच्या भागात जितक्या जणांचं लिहिणं थांबवलं, तितक्यांचं लोडशेडिंगनंही थांबवलं नसेल. खरं तर ते शिक्षक नाहीत. खामगावच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी उभी हयात कापसाची प्रत ठरवण्यात घालवली. गाडी आली की वरचा पांढराशुभ्र कापूस बघायचा नाही, तो दाखवायलाच ठेवलेला असतो. कोपरापर्यंत हात आत घालायचा, मूठभर काढायचा, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढायचा आणि जे असेल ते तोंडावर सांगायचं. घरी बसल्यावर त्यांनी पिंपळगाव राजाच्या वाचनालयातली सगळी पुस्तकं वाचून काढली, तेव्हा वाचनालयवाल्यांनी लिहू पाहणाऱ्यांचा रविवारचा वर्ग त्यांच्याकडे सोपवला. तो आमच्याच ओसरीवर भरायचा. चहा माझ्याकडे होता, म्हणून दाराआडून मी सगळं ऐकलं आहे.

वही हातात आली की मामाजी पहिलं पान उघडत नसत. मधोमध अंगठा घालून जे पान निघेल ते वाचत, आणि वाचताना दुसऱ्या हाताची बोटं हवेत धागा ओढत राहत. वजन वाढावं म्हणून काही जण कापसावर पाणी मारतात, तसे लिहिणारे मजकुरावर रडणं मारतात, हे त्यांचं ठाम मत. एका रिटायर तलाठ्यांनी आपल्या आईच्या जाण्यावर सतरा पानं लिहून आणली. मामाजींनी मधलं पान सपाट आवाजात वाचलं. तलाठी डोळे पुसू लागले, बाकीचेही. मामाजी म्हणाले, "माय तुमची गेली, हे खरं हाये. पण हे रडणं तुमचं नाही, भाऊ. तुमी त्या दिवशी काय केलं?"

तलाठ्यांनी डोळ्यांवरचा रुमाल खाली घेतला. मग म्हणाले, "मी तिची चप्पल शोधून राह्यलो होतो. दवाखान्यात राहून गेली होती."

"मंग ते लिहा ना. बाकी समदं पाणी हाये."

तलाठी रागानं उठले आणि वही तिथंच टाकून गेले. पुढच्या रविवारी दीड पान घेऊन आले. त्या वेळी कोणी रडलं नाही, पण कपाला कोणी हात लावला नाही आणि माझा सगळा चहा गार झाला.

कॉलेजातल्या एका पोरीनं चंद्रावर कविता आणली होती. "तुह्या घराले गच्ची हाये काय वं?" "नाही आजोबा, टिनं हायेत." "मंग चंद्र कुठून पाह्यला?" "मोबाईलवर." "मंग टिनाचं लिही." तिनं उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली अभ्यास करण्यावर लिहिलं आणि ते एका दिवाळी अंकात छापून आलं. ती पेढे घेऊन आली, तर पेढा तोंडात असतानाच मामाजी म्हणाले, "तिसरी ओळ अजून बी ढिली हाये."

लग्नपत्रिकाही सुटल्या नाहीत. 'माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं ज्या बाळाच्या नावानं छापलं होतं, त्याला मांडीवर घेऊन त्यांनी भर मांडवात विचारलं, "तू म्हनला काय बे असं?" बाळ सहा महिन्यांचं होतं. तेव्हापासून पंगतीत त्यांना नवरदेवाच्या वडिलांपासून लांब बसवतात.

अशा माणसानं माझ्या कशालाच मात्र कधी नाव ठेवलं नाही. एकदा घाईत चहात साखरेच्या जागी मीठ पडलं. तलाठ्यांनी पहिला घोट अंगणात थुंकला. मामाजींनी कप संपवला, बशीत सांडलेलाही प्यायले आणि म्हणाले, "चांगला झाला, सूनबाई." त्याच दिवशी मी ठरवलं, आपली वही यांना दाखवायची नाही.

कारण ज्वारीच्या कोठीमागे माझीही एक वही आहे. मी चौथी शिकलेली. बोलणी खायची भीती नव्हती. पण सुनेचं म्हणून त्यांनी 'चांगलं झालं' म्हटलं असतं, तर आत कापूस आहे की नुसतं पाणी, हे मला जन्मभर कळलं नसतं.

गेल्या वर्षी काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. वर्ग बंद पडला. त्याच महिन्यात तालुक्यात तीन कवितासंग्रह निघाले. मामाजी ओसरीवर बसून रिकाम्या बोटांनी धागा ओढत राहायचे. वही कोणाची ते आता त्यांना दिसणार नव्हतं; पण दाखवायची तर वाचूनच दाखवावी लागणार, आणि त्यांच्यासमोर मी कधी दोन वाक्यांपलीकडे बोलले नव्हते. एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी डोक्यावरचा पदर नीट केला, त्यांना दिसत नव्हता तरी, आणि उंबऱ्याशी बसले.

"मामाजी, एक वाचू काय?"

"कोनाचं हाये?"

"एका बाईचं."

मी पहिली ओळ वाचली. त्यांनी हात वर केला. "थांब. मधलं काढ."

मधे माझी शाळा बंद झाली तो दिवस होता. आईनं माझी दप्तराची पिशवी धुतली आणि तिच्यात तुरीची डाळ भरली. मग मी खूप रडले, असं लिहिलं होतं.

मामाजींची बोटं थांबली. "डाळीपर्यंत चांगला कापूस हाये. लांब धाग्याचा. रडणं काढून टाक, ते तुवा मागून मारलं."

खरंच होतं. त्या दिवशी मी रडले नव्हते, पाटी पुसून फळीवर ठेवली होती. मी ती ओळ खोडली. मग कुठून धीर आला कोण जाणे. "मामाजी, तो मिठाचा चहा..."

"लय खारट होता," ते म्हणाले. "तवा तू इचारलंच नाही."

आता रोज दुपारी मी वाचते. वाचता वाचता त्यांना डुलकी लागते, तरी मी वाचत राहते. झोपेतही बोटं धागा ओढत असतात. ती जिथं थांबतात, तिथं धागा तुटला असेल म्हणून मी पेन्सिलीनं बारीक खूण करते आणि ते जागे व्हायची वाट बघते.