कयाकच्या पोटातलं थर्माकोल

बोरगावच्या बाजूला दूधगंगेवर एक आप्पा बुट्टी चालवतात. बुट्टी म्हणजे बांबूची विणलेली गोल नाव, खालून ताडपत्री आणि डांबर. त्या आप्पांमुळं मी आज जिवंत आहे, आणि त्यांच्यामुळंच माझ्या हातून दुसऱ्या कुणाचा जीव गेला नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात माझ्याबद्दल चांगलं असं फारसं काही नाही.

मी बीडकडचा. सहावीत शाळा सुटली ती सुटलीच. आमच्याकडं पाणी म्हणजे विहीर, आणि विहिरीत वाकून बघितलं तरी पाठीत धपाटा बसायचा. त्यामुळं पोहणं वगैरे कुठलं. बाविसाव्या वर्षी बेळगावला एका फायबरच्या कारखान्यात लागलो. ओळखीचं कुणी नाही, अर्धी बोलणी कानडीत, आणि काम जाईल ही धास्ती सकाळी डोळे उघडल्यापासून. मालकांनी नुसती हाक मारली तरी वाटायचं, झालं, आता काढतात.

आम्ही पाण्याच्या टाक्या करायचो. साच्याला मेण चोळायचं, त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, ब्रशानं रेझिन पाजायचं, वाळलं की सोडवून घ्यायचं. संध्याकाळी अंगाला अशी खाज सुटायची की जेवताना घास एका हातात आणि दुसरा हात मानेवर. मालकांचा एक दंडक होता. ज्यानं वस्तू बनवली त्यानंच ती पहिल्यांदा वापरून दाखवायची. खुर्ची केली तर तिच्यावर बसा, टाकी केली तर झाकणावर उभे राहा. एकदा एकजण झाकणातून आत गेला, तर मालक म्हणाले, बरं झालं, गिऱ्हाईक गेलं नाही.

त्या वर्षी गणपतीच्या आधी कोल्हापूरच्या एका गिर्यारोहण मंडळाची ऑर्डर आली. सहा कयाक हव्या होत्या, म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या नावा. नमुन्याची एक घेऊन त्यांचे सर स्वतः टेम्पोतून आले. लांब, अरुंद, वरूनही झाकलेली, मधे माणूस घुसेल एवढंच भोक. कारखान्यात तिचं नाव लगेच शेंग पडलं. सर मात्र तिच्याबद्दल फार मायेनं बोलले. बर्फाच्या मुलखात झाडं नाहीत, तर तिथले लोक वाहून आलेली लाकडं आणि हाडं यांचा सांगाडा बांधायचे, त्यावर सील नावाच्या समुद्री जनावराचं कातडं शिवून ताणायचे. माप माणसाच्या अंगाचं. लांबी तीन वाव, म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांच्या तिप्पट, रुंदी कमरेएवढी आणि वर दोन मुठी. ज्याची त्याला. आवाज न करता शिकारीला जायचं, उलटली तर आतल्या आत गिरकी घेऊन सरळ व्हायचं. आमच्या फोरमननं विचारलं, आणि ज्याला गिरकी येत नाही त्यानं? सर हसले. म्हणाले, त्यानं बाहेर पडून नावेला धरायचं, ती तरंगतेच.

ती का तरंगते हे ते बहुतेक मालकांना सांगणार होते. मालक त्या दिवशी नव्हते.

दुसऱ्या दिवशी नमुना साफ करायचं काम माझ्याकडं आलं. शेंगेच्या दोन्ही टोकांत, अगदी आत, थर्माकोलचे मोठे ठोकळे ठासून बसवले होते. मला वाटलं पॅकिंग. रेडिओच्या खोक्यात असतं, तसं. शिवाय रेझिन लागलं की थर्माकोल विरघळतं, म्हणून कामाच्या जागी ते दिसलं तर फोरमन ओरडायचे. मी आत खांद्यापर्यंत हात घालून ते ओढून काढले. एवढे छान पांढरेशुभ्र ठोकळे टाकवेनात, म्हणून ब्लेडनं कोरून कारखान्याच्या गणपतीला मखर केलं. चार खांब, वर कमान. मालक आल्यावर त्यांनी माझी पाठ थोपटली. सबंध वर्षात तेवढीच.

आणि मग नमुन्यासारख्या सहा शेंगा आम्ही केल्या. पोकळ.

अनंत चतुर्दशीनंतर आठवड्यानं त्या टेम्पोत बांधून निपाणीवरून नदीवर नेल्या. मालकांचं गाव तिथंच, आणि मंडळाची पंधरा-वीस पोरंपोरी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच शिकायला सुरुवात करणार होती. मालक सरांना आणायला निपाणीच्या स्टँडवर गेले. जाताना मला म्हणाले, तू बनवलीस, तू बसून बघ, ते यायच्या आत. मला पोहता येत नाही हे म्हणायला तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते 'हो मालक'.

काठावर आप्पा बुट्टीला डांबर लावत होते. साठीचे असतील. शेंग बघून त्यांना हसू आवरेना.

"काय पावणं, मगर धरून आनलिया जनू?"

मी सरांकडून ऐकलेलं सांगितलं, सांगाडा, कातडं वगैरे. बोलत राहिलं की पाण्यात उतरायला तेवढाच उशीर. ते ऐकून आप्पांनी डांबराचं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले की त्यांच्या आज्याच्या वक्ताला बुट्टीलाही कातडंच असायचं, बैलाचं. म्हणजे ती लांबची असली तरी भावकीतलीच. पण ही बारीक, बसलेल्या माणसाला घेऊन आडवी व्हायची. आपली गोल, येडी, पण पालथी होत न्हाय.

"पवाय येतंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. कशी हलवली ते मलाच माहीत नाही.

टेम्पोवाल्यानं ढकलून दिलं. पाय आत सरळ, गुडघे वरच्या फायबरला टेकलेले, वल्हं हातात उलटं. पाच-सहा हात गेलो असेन. काठाकडं बघावं म्हणून वळलो आणि नदी कानात शिरली. किती वेळ उलटा होतो कुणास ठाऊक. पाय निघत नव्हते. निघाले तेव्हा सर म्हणाले होते तसं नावेला मिठी मारली, तर ती बुडबुडत टोकावर उभी झाली आणि मला घेऊनच खाली निघाली. धरावं तर बुडतो, सोडावं तर बुडतो. आयुष्यात तेवढा मी कधीच भ्यालो नाही, आणि त्यानंतर रोज थोडाथोडा भितो.

माझ्या केसांना धरून कुणीतरी वर ओढलं. आप्पांची बुट्टी होती.

काठावर मी पाणी ओकत होतो. आप्पा डोहाकडं बघत होते, जिथं शेंग गेली होती तिथं. बुट्टी पाण्यानं भरली तरी बांबू तिला वर धरून ठेवतो, म्हणाले. हिच्या पोटात काय घातलंय?

तेव्हा मला मखर आठवलं. आधी भीती वाटली ती काम जाण्याची, हे कबूल करतो. मी आप्पांना सगळं सांगितलं, आणि वर विनवलं की माझाच तोल गेला असं सांगू या. बाकीच्या पाच गपचूप परत नेतो, काहीतरी कारण काढतो. कारण काय काढणार, तेही सुचत नव्हतं. पोरं तर सकाळी बसणार होती.

आप्पा रागावले नाहीत. अंगावरचा पंचा काढून माझ्या खांद्यावर टाकला.

"आज मी हुतो, बाळ. उद्या मी बाजाराला गेलो तर?"

मालक आणि सर येताना दिसले. आप्पा उठले आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. ते सरकले असते तर मी खोटं बोललो असतो.

"मालक, नमुन्यातलं थर्माकोल मी काढलं," मी म्हणालो. "सहाच्या सहा पोकळ आहेत. माणूस घेऊन बुडतात."

मालकांचा चेहरा बघवेना. सर मात्र मटकन वाळूत बसले. त्यांची स्वतःची मुलगी त्या पोरांत होती, हे नंतर कळलं. शिबिर दहा दिवस पुढं गेलं. परतीच्या वाटेवर बेळगावपर्यंत मी मनातल्या मनात वळकटी बांधत होतो. दुसऱ्या दिवशी मालकांनी थर्माकोलचे ठोकळे माझ्या पुढ्यात टाकले आणि म्हणाले, बसव. एवढंच. बुडालेली शेंग आम्ही निघण्याआधी आप्पांनीच गळ टाकून वर काढली आणि गाडीत चढवून दिली. मजुरीचं विचारलं तर पाठ फिरवून चालू लागले.

याला पाच-सहा वर्षं झाली. अजून मी त्याच कारखान्यात आहे, आता पोरांना शिकवतो, आणि प्रत्येक शेंगेच्या टोकात स्वतः हात घालून चाचपतो. सगळं नीट असलं तरी त्या रात्री झोप लागत नाही.

आप्पा आता थकलेत. दरवर्षी नवे बांबू चिरणं, विणणं, डांबर तापवणं त्यांच्या हातून होत नाही, असं गेल्या खेपेला टेम्पोवाला सांगत होता. गोल नावेचा साचा आमच्याकडं नाही, पण मी रविवारी थांबून लाकडाचा एक करायला घेतलाय. काठाच्या गोलाईला दोनदा चुकलोय. आप्पा बघून नको म्हणतील, हसतीलही. पण त्यांना पुन्हा डांबराला हात लावायला लागू नये अशी एक फायबरची बुट्टी मी त्यांच्या काठावर नेऊन ठेवीन. ते असताना.