हिरव्या रंगाखालची चीर

माझ्या पडवीतल्या फळीवर अकरा वाइस होते. आता नऊ आहेत, आणि त्या नवांवरून मी पूर्वीसारखा हात फिरवत नाही.

वाइस म्हणजे फिटरच्या टेबलाला बोल्टांनी बसवलेला लोखंडी जबडा. हँडल फिरवलं की जबडा मिटतो, आणि मग त्यात धरलेल्या तुकड्यावर कानस मारा की छिन्नी, तो जागचा हलत नाही. ज्याच्याकडे वाइस नाही त्याला तोच तुकडा पायाखाली धरावा लागतो, दोन दगडांत दाबावा लागतो, नाहीतर घरातल्या कुणाला तरी सांडशी देऊन समोर बसवावं लागतं. मी चाळीस वर्षं फिटर होतो, घुग्घुसच्या रस्त्यावरच्या एका खासगी वर्कशॉपमध्ये. खाणींचे पंप, सिमेंटवाल्यांचे गिअर, जे येईल ते आम्ही दुरुस्त करायचो. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा मालकाने टेबलं-वाइस सगळं भंगारात काढलं. माझा वाइस ट्रकमध्ये टाकताना मी समोर उभा होतो. त्यानंतर मला हा नाद लागला.

भंगारवाल्यांना माझा चेहरा पाठ झाला होता. गंजून दगड झालेला वाइस घरी आणायचा, आठ-दहा दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवायचा, रोज सकाळी हँडलला हळूच हिसका द्यायचा. एखाद्या सकाळी स्क्रू करकरतो आणि केसभर सरकतो. त्या दिवशी मला चहासुद्धा गोड लागायचा. मग तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड आणि वरून हिरवा ऑइल पेंट. हिरवाच, कारण आमच्या वर्कशॉपचे वाइस हिरवे होते.

"लोकाइच्या घरी सोफा रायते," बायको पाहुण्यांना सांगायची, "आमच्या घरी शिकंजे हायेत. बसा त्याच्यावरच."

 मला माहीत होतं की ती पाहुण्यांना मुद्दाम पडवीतून आत आणते.

त्यातला सगळ्यात मोठा, सहा इंची, माजरीकडच्या कुठल्या तरी जुन्या वर्कशॉपमधून आला होता. रंग खरवडताना मागच्या जबड्याच्या मुळाशी एक चीर दिसली. बारीक, पण आरपार गेलेली. कुणीतरी हँडलला लांब पाइप लावून जोर केला असणार. वाइस बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो, आणि बीड वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतं. ती चीर नीट भरायची तर अख्खा वाइस भट्टीत तापवा, पितळ ओता, राखेत गाडून हळूहळू थंड करा. मला कंटाळा आला. खरं सांगायचं तर मी विचार केला की फळीवरच्या वाइसला कोण पाइप लावणार आहे? चीर थोडी कोरली, पुट्टी भरली, घासली, हिरवा रंग मारला. दोन हात रंग बसल्यावर चीर कुठे होती ते मलाही चाचपून शोधावं लागलं. त्यात मला थोडी मजाही वाटली, हे लपवत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. खंडेनवमीच्या दोन दिवस आधी माझा जुना जोडीदार घरी आला. आम्ही वीस वर्षं एकाच टेबलावर काम केलं. तो गडचिरोलीच्या पुढचा, धानोऱ्याच्या वाटेवरच्या जंगलातल्या गावचा, गोंड. वर्कशॉप बंद झाल्यावर तो गावी परतला. शेती थोडी, मोह-तेंदूच्या दिवसांत जंगल, आणि बाकी वेळ घरासमोरच्या छपरीत विळे, कुऱ्हाडी, सायकली, डिझेल इंजिनं. चंद्रपूरला इंजिनाचं बेअरिंग घ्यायला आला होता, तिथून माझ्याकडे. चहा पिऊन तो फळीसमोर उभा राहिला आणि बराच वेळ तिथून हलला नाही.

"हा चालू हाये का भाऊ, का नुसता पाहाचा हाये?" त्याने सहा इंचीकडे बोट केलं.

"फिरवून तं पाह्य," मी म्हणालो.

त्याने हँडल फिरवलं. जबडा लोण्यासारखा सरकला. माझी छाती फुगली.

"मले देशीन का?" तो म्हणाला. "माह्या इथी बायकोच सांडशी धरून बसते. मागच्या साली घन हुकला. तिचं बोट आता सरळ होत नाई. तिले समोर बसवाले जीव होत नाई माहा."

फळीवर दुसरे दहा होते. त्यातले चार तरी त्याच्या कामाला पुरेसे मजबूत होते. 'हा नको, याला चीर आहे, तो घे,' एवढं एक वाक्य होतं. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. त्याचं कारण सांगायला मला बरंच मागे जावं लागेल, आणि ते सांगताना मी चांगला दिसणार नाही.

वर्कशॉपमध्ये एकदा खाणीचा एक पंप दुरुस्तीला आला होता. दुसऱ्या दिवशी तो द्यायचा होता, मालक डोक्यावर बसला होता. पंपाच्या बिडाच्या अंगाला चीर होती. या माझ्या जोडीदाराने तिच्यात पुट्टी भरली, वरून रंग मारला आणि पंप तयार म्हणून ठेवून दिला. मी हातोडीने ठोकून पाहिलं. शाबूत बीड घंटेसारखं वाजतं, चिरलेलं बद्द वाजतं. मी गुपचूप त्याला बाजूला घेऊन सांगू शकलो असतो. तसं केलं नाही. मी सगळ्यांना गोळा केलं, रंग खरवडला, रॉकेल लावलं, पुसून घेतलं आणि वरून खडू घासला. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. ती उमटली. मग मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बिडाले पुट्टी लावते तो मिस्त्री नव्हे, पेंटर होय."

सगळे हसले. मालकाने त्याला दोन महिने घरी बसवलं. तो परत आला तेव्हा त्याचं नाव पेंटर पडलेलं होतं. ते वर्कशॉप बंद होईपर्यंत टिकलं. त्याने मला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. उलट मी साखळीने बांधून वर उचललेल्या कुठल्याही लोखंडाखालून तो वर न बघता जायचा. दुसऱ्या कुणी बांधलं असेल तर आधी साखळी ओढून बघायचा. माझ्या कामावर त्याचा एवढा भरवसा होता.

आता त्याच माणसाला मी काय सांगणार होतो? की मीही पुट्टी लावली? मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त, मला माझा मान सोडवेना. 'हलक्या हाताने वापर' एवढंच पुटपुटलो. तो हसला, आम्ही दोघांनी वाइस पोत्यात भरला आणि मी त्याला बसपर्यंत सोडून आलो.

घरी परत येताना मला पाइप आठवला. त्याची सवय मला ठाऊक होती. तो हँडलला पाइप लावल्याशिवाय जबडा आवळतच नसे. मी त्यावरून शंभरदा ओरडलो होतो. आणि लांब सळई वाइसमध्ये धरली की तिचं दुसरं टोक कुणाला तरी समोरून उचलून धरावं लागतं. ते कोण धरणार होतं? जिचं बोट आधीच वाकडं झालेलं, तीच. जबडा तुटला असता तर तिच्या पायावर पडला असता, नाहीतर सळई उडून तोंडावर आली असती. तो वाइस त्याने तिच्यासाठी मागून नेला होता.

एका गोष्टीचा आधार होता. खंडेनवमीला आमच्यात कुणी औजाराला काम लावत नाही. धुऊन-पुसून पूजा करायची, हळदीकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याच्या सकाळी पहिला घाव घालायचा. ही वर्कशॉपची रीत त्याने गावीही नेली होती. "आमचे देव येगळे हायेत," तो म्हणायचा, "पन औजाराले एक दिवस आराम देनं चांगलंच हाये." नवा वाइस तो दसऱ्यालाच चालवणार, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणजे माझ्याकडे वेळ होता. तो वेळ मी कसा घालवला, ते ऐका.

नवमीच्या दुपारी मी फोन केला.

"पूजा झाली का?"

"झाली. दिवा लावला, लिंबू ठेवलं, मोहफुलं ठेवले."

"मस्त."

"बाकी तू सांग," तो म्हणाला.

"बाकी काय? धूळच धूळ हाये इथी. ट्रक काई थांबत नाई."

"अजून काई?"

"काई नाई. उद्या काम सुरू करशीन का?"

"हो. सकाळीच."

"बरं," मी म्हणालो आणि फोन ठेवला. बायको दारात उभी होती. तिला मी आदल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. ती नुसती बघत राहिली. चाळीस वर्षांत तिने मला असं बघितलं नव्हतं.

दसऱ्याला पहिल्या बसने चंद्रपूर गाठलं आणि तिथून गडचिरोलीची गाडी धरली. बायकोने खिशात आपट्याची पानं घातली होती. मूल, सावली, व्याहाड ही गावं, मग वैनगंगेचा पूल. गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती आणि मी ड्रायव्हरवर मनातल्या मनात खेकसत होतो. जणू उशीर त्याने केला होता. गडचिरोलीहून पुढे दुसरी गाडी, शेवटचे दोन-तीन किलोमीटर पायी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान भरत आलं होतं. मी ऐकत चाललो होतो. गावाजवळ आल्यावर घनाचा आवाज आला आणि मी भराभर चालू लागलो.

छपरीत तो घन मारत होता. समोर त्याची बायको बसली होती, दोन्ही हातांनी सांडशी धरून. वाकडं बोट सांडशीच्या बाहेर राहिलेलं. लाल सळई ऐरणीवर होती. वाइस टेबलावर नव्हताच. तो कोपऱ्यात जमिनीवर होता, जबड्यावर कालचं कुंकू. मागच्या बाजूचा माझा हिरवा रंग खरवडलेला होता आणि आतल्या-बाहेरच्या अंगाला पांढरं पीठ फासलेलं होतं. पिठावर काळी रेघ होती, मुळापासून खालपर्यंत.

तो थांबला. सळई पाण्यात बुडवली. बायकोला म्हणाला, "चहा मांड." ती उठली, बोट चोळत आत गेली.

"पूजेले धुवाले घेतला," तो मला म्हणाला, अगदी सरळ आवाजात. "आतून तू रंग नाई लावला. डिझेलनं पुसला, आन पूजेचा पिठाचा हात मारला. रेघ आली. मले वाटलं डाग असन. पुसून पुन्हा लावलं. पुन्हा आली."

"कधी?"

"सकाळी. तुहा फोन याच्या आंधी."

मी खाली बसलो. "मले मालूम होतं," म्हणालो. "पुट्टी मीच भरली होती. मी तेच सांगाले आलो."

"हो," तो म्हणाला. "फोनवर मी तुले दोनदा विचारलं."

त्याने मला पेंटर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मी हसलो असतो, दोघं हसलो असतो. त्याने चहा पाजला, मी धानाचं विचारलं तर तेही सांगितलं. निघताना वाइस पोत्यात भरून माझ्या पुढ्यात ठेवला. "तुह्या फळीवर चांगला दिसते," म्हणाला. त्यात टोमणा होता की नव्हता, मला आजही कळलेलं नाही. कंडक्टर पोत्यावरून कुरकुरत होता आणि मी वाइस पायांत धरून बसलो होतो. आपट्याची पानं खिशातच राहिली.

तो वाइस आता न्हाणीच्या मागे पोत्याखाली पडला आहे. आठ दिवसांनी मी फळीवरचा पाच इंची उतरवला, त्याचा सगळा रंग खरवडून काढला, डिझेल आणि खडू लावून दोनदा तपासला. रेघ आली नाही. उघड्या लोखंडावर नुसता तेलाचा हात फिरवला आणि पुन्हा त्याच गाड्या धरल्या.

तो छपरीतच होता. मी पोतं सोडून वाइस टेबलावर ठेवला. म्हणालो, "खडू लावून पाह्यला मी. चांगला हाये."

त्याने मान हलवली. मग कोपऱ्यातली हातोडी उचलली आणि माझ्यासमोर वाइस वाजवून पाहिला, आधी पुढचा जबडा, मग मागचा, मग खाली मुळाशी. कान जवळ नेऊन तो ऐकत होता. मीही ऐकत होतो. तिन्ही ठिकाणी खणखणीत वाजला.

"बस," तो मला म्हणाला, आणि बोल्ट शोधायला आत गेला.