भायली सरपंच

लग्न होऊन महाराष्ट्रातल्या दोडामार्गाकडून गोव्यातल्या डिचोलीत आले तेव्हा गोवा मोकळा होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. मीही तिथेच डोक्यावरून मातीच्या टोपल्या वाहायला लागले. शाळा माझी चौथीपर्यंत. न्हायले तरी केसांतून तांबडं पाणी येत राही.

वाड्यावरच्या विहिरी आटल्या तेव्हा आम्ही बायका पंचायतीत गेलो. बोलायचं दुसरीनं ठरलं होतं. ती दारातच थबकली, म्हणून मी बोलले. काय बोलले, आजही नीट आठवत नाही. पण नळ आला, आणि लोक मला पुढारीण म्हणायला लागले. कौतुकानं की चेष्टेनं, कळायचं नाही.

मुलं मोठी झाली त्या सुमारास आमचा प्रभाग बायकांसाठी राखीव झाला. गावातले दोन जाणते घरी आले.

"तुमी उब्या रावा," त्यातले एक म्हणाले. "बाकीचं आमी बघतलों. तुमी फकत सही करची."

मी नवऱ्याकडे पाहिलं.

"माका काय इचारतंस?" तो म्हणाला. "उभी तू रवतलंस."

निवडून आले. पंचायतीत दोन गट, दोन्हींची माणसं सारखीच. एकाचा माणूस दुसऱ्याला नको. शेवटी दोघांनीही मलाच सरपंच केलं. हार गळ्यात पडला तेव्हा हसावं की घाबरावं, ते सुचेना.

दुसऱ्याच महिन्यात सेक्रेटरीनं एक कागद पुढे ठेवला. खाणीखालच्या, बाहेरून आलेल्या मजुरांच्या झोपड्या पाडायची नोटीस. पावसाचं पाणी अडतं म्हणून गावातल्यांनी तक्रार केली होती.

"हे लोक जाणार कुठे?" मी विचारलं.

"बाई, ते भायले."

"भायली तर मीही आहे."

मग उपसरपंच हसून म्हणाले, "तुमी आता आमच्याच."

त्या शब्दानं मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या पंचांना घेऊन झोपड्यांकडे गेले. पाणी खरंच अडत होतं, पण फक्त तीन झोपड्यांमुळे. त्या तीन घरांना वर जागा दिली, बाकीच्यांना हात लावला नाही.

हललेल्या घरातली एक बाई मला म्हणाली, "आमची म्हणून पुढच्या वेळी तुम्हाला मत देणार होते. तुम्हीच घर मोडलंत." आणि ज्या जाणत्यांनी मला उभं केलं, ते म्हणाले, "बाई हाताबाहेर गेली."

पुढच्या वेळी राखीव जागा नव्हती. कोणी सांगितलं नाही, तरी अर्ज भरला. मी परत निवडून आले, सरपंचही झाले. मतं कोणी दिली, गावानं की झोपड्यांनी, अजून उलगडलेलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.